लाइन आली, नेट आलं, पण फोन मुका: घरच्या इंटरनेट फोनचं रजिस्ट्रेशन कुठे अडतं

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो. राळेगाव तालुक्यातल्या गावी आई-बाबा दोघंच असतात, तुम्ही पुण्याला. घरात मोबाइलला टॉवर भेटत नाही, म्हणून तुम्ही फायबरच्या राऊटरला इंटरनेट फोनचा ॲडॉप्टर लावला आणि घरातला जुना बटणांचा फोन त्याला जोडून दिला. राऊटर आणि ॲडॉप्टर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत, पण बॅटरी जुनी, तासाभरात बसते. सुरुवातीला फोन छान चालला. मग लाइन, म्हणजे वीज, गेली की फोन बंद पडायला लागला. कधी वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा, कधी राऊटर बंद-चालू केल्याशिवाय यायचाच नाही. बाबांनी तुमच्या सांगण्यावरून ॲडॉप्टर रिसेट केला, शेजारच्या मुलाने मोबाइलवरून सगळी माहिती परत भरली, आणि तेव्हापासून ॲडॉप्टरच्या सेटिंगच्या पानावर 'नॉट रजिस्टर्ड' हेच दिसतं. नेट चालू आहे, व्हॉट्सॲप चालू आहे, फोन मुका.

मी हिंगणघाट-समुद्रपूर भागात वीस वर्षं टेलिफोनचंच काम करतो. आधी तांब्याच्या जोड्या जोडायचो, आता फायबर आणि हे डब्बे. तुमच्या घरी एक नाही, तीन वेगवेगळे बिघाड एकावर एक चढलेत असं मला वाटतं, आणि तिसरा रिसेटमुळे आलाय. म्हणून पहिली विनंती: यापुढे कुणालाही ते बारीक छिद्रातलं बटण दाबू देऊ नका. रिसेटने बिघाड जात नाही, फक्त भरलेली माहिती पुसली जाते. फायबरच्या डब्ब्याच्या, म्हणजे राऊटरच्या, बाबतीत तर अजिबात नाही. तो रिसेट झाला की नेटचं लॉगिनही जातं आणि लाइनमन येईपर्यंत बसून राहावं लागतं.

रजिस्ट्रेशन म्हणजे काय ते दोन मिनिटं समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या फोनला एक्स्चेंज तारेवरून ओळखायचं. अमुक जोडी म्हणजे अमुक घर, विषय संपला. इंटरनेटवर तशी तार नाही. म्हणून ॲडॉप्टरला दर थोड्या वेळाने फोन कंपनीच्या सर्व्हरला कळवावं लागतं की या नंबरचा फोन सध्या इंटरनेटवरच्या या आकडी पत्त्यावर आहे, कॉल आला तर इकडे पाठव. सर्व्हर लगेच विश्वास ठेवत नाही. तो ४०१ असं उत्तर देतो आणि सोबत आकड्या-अक्षरांची एक माळ पाठवतो. ॲडॉप्टर त्या माळेत पासवर्ड मिसळून एक खूण तयार करतो आणि पुन्हा विनंती पाठवतो. खूण जुळली की २०० येतं, दिवा लागतो. ही नोंद ठरावीक वेळच टिकते, बहुतेक ठिकाणी तासभर, आणि ती संपण्याआधी ॲडॉप्टर ती नवी करतो. त्यामुळे ॲडॉप्टरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) ४०१ दिसलं म्हणून घाबरू नका. ते चांगल्या रजिस्ट्रेशनमध्येही असतं.

बिघाड शोधताना मी एकच गोष्ट आधी बघतो: सर्व्हरचं उत्तर येतंय की नाही? उत्तर येत असेल आणि ते नकाराचं असेल, तर रस्ता चांगला आहे, भरलेल्या माहितीत चूक आहे. ४०३ म्हणजे बहुधा पासवर्ड किंवा खात्याची परवानगी, ४०४ म्हणजे असा नंबरच इथे नाही, ४२३ म्हणजे तुम्ही फार लवकर लवकर नोंद नवी करायला मागताय. उत्तरच येत नसेल, ॲडॉप्टर ४०८ किंवा 'टाइमआउट' म्हणत असेल, तर पासवर्ड शंभरदा भरूनही काही होणार नाही. विनंती पोचतच नाहीये, किंवा उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय. लोक नेमके इथेच चुकतात. रस्त्याचा बिघाड असतो आणि ते पासवर्ड बदलत बसतात.

ही पारख करायला गावी जायची गरज नाही. मोबाइलमध्ये झोइपर किंवा लिनफोनसारखं इंटरनेट फोनचं ॲप घ्या, त्यात हेच खातं भरा. भरण्याआधी बाबांना ॲडॉप्टरची पिन काढून ठेवायला सांगा. आधी पुण्यातून बघा. तिथेही रजिस्टर होत नसेल तर दोष खात्यात किंवा कंपनीकडे आहे, बाबांना अजिबात त्रास देऊ नका. पुण्यात झालं, तर तेच ॲप गावातल्या कुणाच्या मोबाइलवर, घरच्या वायफायवर चालवून बघायला सांगा. वायफायवर होत नाही पण गावाबाहेर टॉवर असतो तिथे मोबाइल डेटावर होतं, तर गडबड घरच्या राऊटरमध्ये किंवा नेटच्या लाइनीत आहे. वायफायवरही झालं, तर ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये. अर्ध्या तासात तीन शक्यतांतली एक हाती लागते.

झाल्यावर ॲप काढून टाका, किंवा निदान खातं बंद करा. हे मुद्दाम सांगतो, कारण बरीच मुलं आपल्या मोबाइलमध्ये तेच खातं चालू ठेवतात. काही सर्व्हर एका खात्यावर एकच पत्ता ठेवतात, नवा आला की जुना पुसतात. मग घरचा डब्बा 'रजिस्टर्ड' दाखवतो, बाहेर कॉल लागतो, आणि आईसाठी आलेला फोन पुण्यात वाजतो.

आता तुमचा तिसरा, म्हणजे आजचा बिघाड. माहिती मोबाइलवरून भरली गेली, आणि माझा संशय तिथेच आहे. मागच्या पावसाळ्यात समुद्रपूरकडच्या एका घरी असाच डब्बा होता. घरच्या मुलाने माझ्यासमोर पासवर्ड अक्षर-अक्षर वाचून दाखवला, सगळं बरोबर. तरी नकार. शेवटी मी युजर आयडीचा रकाना मोठा करून बघितला, तर आकडे देवनागरीत होते. त्याचा कीबोर्ड मराठीवर होता, त्याला ते आकडेच दिसत होते, चूक वाटायचं कारणच नव्हतं. मी इथे आकडे मराठीत लिहितोय, पण डब्ब्याला इंग्रजी आकडेच लागतात. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे मोबाइल पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करतो, आणि कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. पासवर्डच्या रकान्यात ठिपके दिसतात, त्यामुळे यातलं काहीच डोळ्याला दिसत नाही. म्हणून शक्यतो लॅपटॉपवरून भरा. मोबाइलच असेल तर आधी साध्या नोंदीच्या ॲपमध्ये लिहा, नजरेने तपासा, मग उचला.

पासवर्ड कोणता, हाही प्रश्न असतो. कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करायचा एक आणि फोनच्या खात्याचा दुसरा, असे अनेकदा दोन असतात. ॲडॉप्टरला दुसरा लागतो. 'एसआयपी युजर आयडी' आणि 'ॲथेंटिकेट आयडी' असे दोन रकाने असतील (एसआयपी म्हणजे इंटरनेट फोनची बोलण्याची पद्धत) तर दोन्ही भरा. काही कंपन्यांत दोन्हीत तेच असतं, काहींत वेगळं. सर्व्हरचं नाव कंपनीने दिलं तसंच नावाने भरा, कुणी सांगितलं म्हणून त्याजागी आकडी पत्ता घालू नका.

एक धोका लक्षात ठेवा. चुकीच्या पासवर्डने सतत विनंती जात राहिली की बरेच सर्व्हर त्या पत्त्यालाच काही काळ बंदी घालतात. मग आधी जिथे ४०३ यायचं तिथे एकदम काहीच येईनासं होतं, आणि माणसाला वाटतं आता नेटही बिघडलं. तुमच्याकडे आठ दिवस तेच चालू असेल तर हे झालेलं असू शकतं. ॲडॉप्टर काही तास बंद ठेवा, किंवा कंपनीला फोन करून बंदी काढायला सांगा, आणि त्यानंतरच बरोबर माहिती भरून चालू करा.

आता मुळाकडे येतो. लाइन गेली की फोन का जायचा? तुम्ही लिहिलेल्या दोन तऱ्हा, कधी आपोआप येतो आणि कधी राऊटर बंद-चालू करावा लागतो, हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिला लांब भारनियमनाचा. बॅटरी बसली, दोन्ही डब्बे विझले, लाइन आली, दोन्ही एकदम सुरू झाले. ॲडॉप्टर मिनिटभरात तयार होतो. फायबरच्या डब्ब्याला प्रकाश पकडून, लॉगिन होऊन नेट यायला काही मिनिटं लागतात. तोवर ॲडॉप्टर सर्व्हर शोधतो, सापडत नाही, आणि तो थांबतो. किती थांबायचं हे सेटिंगमध्ये असतं. काही ॲडॉप्टरमध्ये पहिला प्रयत्न फसला की थोडा वेळ, आणि विशिष्ट तऱ्हेने फसला की १२०० सेकंद, असा आकडा कारखान्यातूनच भरून येतो. १२०० सेकंद म्हणजे २० मिनिटं. तुमची 'वीस-पंचवीस मिनिटं' इथून येतात. हे रकाने 'रजिस्ट्रेशन रिट्राय' अशा नावाखाली सापडतील, तिथे ६० ठेवा. त्याहून फार कमी करू नका, नाहीतर तीच बंदी.

दुसरा आजार लहान भारनियमनाचा, आणि हा जास्त फसवा आहे. घरी इन्व्हर्टरवर सगळं चालू राहतं, पण नेटवाल्याकडची पेटी बंद पडते. परत आली की तुमच्या राऊटरला बाहेरचा नवा पत्ता मिळतो. राऊटर आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवतो: आतला हा डब्बा, त्याचं हे पोर्ट (संभाषणाच्या खिडकीचा नंबर), बाहेरचा हा सर्व्हर, आणि बाहेर जाताना लावायचा हा पत्ता. काही राऊटर पत्ता बदलला तरी जुनी नोंद पुसत नाहीत, ॲडॉप्टरची पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, मेलेल्या पत्त्यानेच पाठवत राहतात. अशी नोंद शांत राहिली तर अर्ध्या ते तीन मिनिटांत स्वतःहून गळून पडते. पण ॲडॉप्टर दर वीस सेकंदांनी दार ठोठावतो, आणि प्रत्येक ठोक्याने ती सडकी नोंद पुन्हा ताजी होते. म्हणून तास गेले तरी फोन येत नाही, आणि मोबाइलवर मात्र सगळं चालतं, कारण मोबाइलचं प्रत्येक संभाषण नवं असतं.

आणि म्हणूनच 'बंद करून लगेच चालू केलं, तरी नाही झालं' असं होतं. ॲडॉप्टर उठतो आणि पुन्हा त्याच ५०६० पोर्टवरून बोलतो, जुनी नोंद अजून जिवंत असते. बाबांना सांगा, ॲडॉप्टरची पिन काढा, घड्याळात पाच मिनिटं मोजा, मग लावा. राऊटरला हात नको. या एका गोष्टीने मी कित्येक घरांच्या चकरा वाचवल्या आहेत. कायमचा उपाय हवा तर ॲडॉप्टरमध्ये 'रँडम पोर्ट' असा पर्याय असेल तो चालू करा. मग दर वेळी नवं पोर्ट, नवी नोंद.

विजेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. हंगामात पंप सुरू झाले की गावात लाइट डिम होते हे तुम्हाला माहीत आहे. जुन्या इन्व्हर्टरवरून आणि कमी दाबावर ॲडॉप्टरचा छोटा चार्जर नीट पुरवठा देत नाही. दिवे लागलेले दिसतात, आतून डब्बा पुन्हापुन्हा सुरू होत असतो. ॲडॉप्टरच्या पानावर 'अपटाइम', म्हणजे डब्बा सुरू होऊन किती वेळ झाला, ते बघा. तो कायम दहा-पंधरा मिनिटांचाच दिसत असेल तर नेटचा दोष नाही, चार्जर बदला. मात्र राऊटरचा चार्जर ॲडॉप्टरला लावू नका. राऊटरचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, ॲडॉप्टरचा ५ व्होल्टचा, आणि गोल पिन दोन्हींची बसते. असे जळालेले डब्बे मी पाहिलेत. आजच दोन्ही चार्जरवर पट्टी चिकटवून नाव लिहायला सांगा. दोन्ही व्होल्टेज देणारा छोटा यूपीएस मिळतो, तो इन्व्हर्टरची बॅटरी बदलण्यापेक्षा स्वस्त पडतो.

पत्ता विचारायची एक सोय बाबांना शिकवून ठेवा. ग्रँडस्ट्रीमचा डब्बा असेल तर फोन उचलून तीनदा स्टार दाबायचं, इंग्रजी आवाज आला की ०२, तो घरातला पत्ता वाचून दाखवतो. जुन्या लिंक्सिस-सिस्कोमध्ये चारदा स्टार आणि ११०#. बाबांनी व्हॉट्सॲप कॉल लावून रिसिव्हर मोबाइलजवळ धरला की पुण्यात तुम्हाला ऐकू येतं. आवाज येतोय म्हणजे फोन, त्याची वायर आणि ॲडॉप्टरचं ते पोर्ट ठीक. पत्ता शून्य-शून्य आला, किंवा १६९.२५४ ने सुरू झाला, तर राऊटरपासून येणारी वायरच बघा. आणि कधी राऊटर बदलला असेल, पण ॲडॉप्टरमध्ये जुन्या राऊटरचा पत्ता कायमचा ठोकलेला असेल, तर तो नव्या घरात अनोळखी होतो. पत्ता आपोआप घेण्यावर ठेवा.

समजा रजिस्टर झालं. लगेच निश्चिंत होऊ नका, कारण 'बाहेर लागतो पण बाहेरून वाजत नाही' ही तक्रार त्यानंतरच येते. सर्व्हरकडे नोंद तासाची, पण राऊटरचं दार, म्हणजे त्याच्याकडची ती संभाषणाची नोंद, शांत राहिलं तर अर्ध्या ते तीन मिनिटांतच बंद होतं. बाहेरून आलेला कॉल बंद दारावर आपटतो. यासाठी 'कीप-अलाइव्ह', म्हणजे दार उघडं ठेवायला अधूनमधून ठोठावणं, चालू करून २० सेकंद ठेवा. नोंदीची मुदतही पाच मिनिटांवर आणली तर चालते, पण एकक बघा. ग्रँडस्ट्रीममध्ये ती मिनिटांत भरतात, लिंक्सिस-सिस्कोमध्ये सेकंदांत. मिनिटांच्या रकान्यात ३०० म्हणजे पाच तास, आणि सेकंदांच्या रकान्यात ५ म्हणजे सर्व्हरला दर पाच सेकंदांनी छळणं.

राऊटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाचा पर्याय असतो. तो मदतीसाठी केलाय, पाकिटातले पत्ते मध्येच बदलून देतो, पण बऱ्याच स्वस्त राऊटरमध्ये तो अर्धवट काम करतो आणि सर्व्हरला भलताच पत्ता पोचतो. बंद करा. कंपनीने राऊटर लॉक केला असेल आणि बंद करता येत नसेल, तर फोन कंपनीला विचारा की ५०६० सोडून दुसरं पोर्ट किंवा टीएलएस (मधल्या कुणाला वाचता न येणारा सांकेतिक मार्ग) देता का. टीएलएस घेतलं तर डब्ब्याचं घड्याळ बरोबर हवं. लाइन गेल्यावर त्याची तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, आणि चुकीच्या तारखेला तो सर्व्हरचं प्रमाणपत्र नाकारतो. टाइम सर्व्हरचा रकाना रिकामा ठेवू नका.

राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसला तर तुम्ही अनेक घरांच्या सामायिक पत्त्यामागे आहात. फोर-जीच्या राऊटरवर हे नेहमीचंच. त्याने रजिस्ट्रेशन अडत नाही, पण घरच्या राऊटरमध्ये केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला थेट एका डब्ब्याकडे पाठवणं) निरुपयोगी असतं. कुणी करून ठेवलं असेल तर काढून टाका.

ॲडॉप्टरऐवजी फोन थेट फायबरच्या डब्ब्यातल्या फोनच्या पोर्टला जोडलेला असता, तर यातलं बहुतेक काही तुमच्या हातात नसतं. तिथे आवाजासाठी वेगळा मार्ग असतो आणि खातं नेटवालाच भरतो, तक्रार त्याच्याकडेच. 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाही, बहुधा ती तुटली आहे, आधी तीच.

जुन्या घरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भिंतीतल्या वायरिंगची. ॲडॉप्टरची वायर भिंतीच्या जुन्या खोक्यात घालून सगळ्या खोल्यांत फोन चालवता येतो, पण ते खोकं अजून खांबावरच्या तांब्याच्या जोडीला जोडलेलं असेल तर नाही. जोडी जिवंत असेल तर तिच्यावर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असतात, बेल वाजताना त्याहून जास्त, आणि ॲडॉप्टरचं पोर्ट जळतं. जोडी मेलेली असेल तरी मृगाच्या पावसात तीच आकाशातली वीज घरात आणते. बाहेरची जोडी खोक्यातून सोडून, टोकं वेगळी करून ठेवायला लावा. हे फोनसाठी नाही, आई-बाबांसाठी सांगतोय.

आणि त्यांना हेही समजावून सांगा की हा फोन जुन्यासारखा नाही. जुना एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा, गावात अंधार असला तरी चालायचा. हा डब्बा विझला की फोन विझतो. रात्री कुणाला बरं नसेल तर गावात टॉवर कुठे भेटतो, शेजारी कुणाकडे जायचं, हे ठरलेलं असू द्या.

तुम्ही आता असं करा. आज पुण्यातून ॲपने खातं तपासा. चालत असेल तर कंपनीला विचारून बंदी असेल ती काढून घ्या. शनिवारी लॅपटॉप असलेल्या कुणाला घरी बोलवा, युजर आयडी, ॲथेंटिकेट आयडी आणि पासवर्ड इंग्रजी कीबोर्डवर भरून घ्या, रिट्राय ६०, कीप-अलाइव्ह २०, रँडम पोर्ट चालू. रजिस्टर झाल्यावर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. दहा मिनिटं थांबून बाहेरून फोन लावा, मग तासाभराने पुन्हा. बाबांना मोबाइलवर लावता येत नसेल तर आधी बघा की ते पुढे शून्य लावतात का. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावाच लागतो, आणि ही तक्रारही माझ्याकडे 'रजिस्ट्रेशन गेलं' म्हणूनच येते.

दोन्ही वेळा वाजला, तर शेवटी इन्व्हर्टरसकट सगळं बंद करा, दहा मिनिटांनी एकदम चालू करा, आणि कुणीही काहीही न दाबता किती मिनिटांनी बेल वाजते ते बघा. पाचच्या आत वाजली तर ठीक. नाही वाजली, तर ॲडॉप्टरच्या पानावर दिसणारा नकाराचा आकडा, अपटाइम आणि राऊटरच्या बाहेरच्या पत्त्याचे पहिले दोन आकडे मला कळवा, पासवर्ड मात्र कुणालाही पाठवू नका.